इंजिनाच्या आवाजाचे पैसे

४ मार्च
तो गेम मला कितीला पडला, ते आज एकदाचं मांडलं. रोख भरले पंचवीस हजार. आवाज रेकॉर्ड करायचे म्हणून गॅरेज दोन दिवस बंद – आठ हजार. जुन्या ट्रकचं इंजिन दिवसभर धडधडत ठेवलं – डिझेल अडीच हजार. चहा-जेवण धरत नाही, मन एवढं कोतं नाही. साडेपस्तीस हजार! हातात काय? गेमवाल्यांनी भेट पाठवलेली एक टोपी. तीही डोक्याला घट्ट.
आणि आज पुन्हा ईमेल – ‘प्रिय पाठीराख्यांनो, गेमला आणखी सहा महिने लागतील.’ तिसऱ्यांदा!

७ मार्च
डोकं अजून तापलेलंच.
दोन वर्षांपूर्वी तो चष्मेवाला गॅरेजात आला होता. मोडक्या गाड्या दुरुस्त करायचा व्हिडिओ गेम काढतोय, म्हणाला. इंटरनेटवर लोकांकडून आधीच पैसे जमवायचे आणि त्यातून तो बनवायचा. त्यासाठी खरे आवाज हवेत. माझ्या ट्रकपाशी डोळे मिटून उभा राहिला. म्हणाला, “काका, तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट वाजतोय का हो?”
वाजत होता! मी तिथेच विरघळलो. ज्याला इंजिन ऐकू येतं तो माणूस लबाड नसतो, असं सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं. पंचवीस हजार भरणाऱ्याच्या दुकानाची पाटी गेममध्ये लागणार होती. भरले! मिस्त्री, वेल्डर, पेंटर – तिघांना म्हटलं, तुम्हीही पाच-पाच हजार लावा. दुसऱ्या दिवशी तिघंही, “भरले, मालक.” एक प्रश्न नाही! या गॅरेजात माझा शब्द म्हणजे रोकडा.

११ मार्च
चष्मेवाल्याला फोन लावला. आवाज मधाळ. “काका, तुम्ही विकत नव्हतं घेतलं. पाठिंबा दिला होता. जोखीम वेबसाइटच्या पानावर लिहिलेली आहे.”
पाठिंबा! याला काय मी निवडणुकीला उभा केला होता? उद्या एखाद्याचं इंजिन खोलून, आगाऊ रक्कम खिशात घालून मी दोन वर्षांनी म्हटलं, “साहेब, तुम्ही मला पाठिंबा दिला होतात,” तर तो माझाच पाना माझ्या डोक्यात घालेल. आणि बरोबरच करेल!
पान उघडून पाहिलं. लिहिलंय खरं. अगदी तळाला, बारीक अक्षरांत. बेअरिंगवरचा नंबर मी भिंग घेऊन वाचतो. हे नाही वाचलं.

१२ मार्च
ही म्हणाली, “टोपी जरा उसवून देऊ का?” दिवसभर तिच्याशी बोललो नाही.

२० मार्च
संपलं. कंपनी बंद. ‘पैसे संपले. तुमच्या विश्वासाबद्दल मनापासून आभार.’ पैसे गेले कुठे? पगार, ऑफिसचं भाडं, कुठल्याशा प्रदर्शनातला स्टॉल. चष्मेवाल्याला म्हणे दुसरीकडे नोकरीही लागली. गेमची जाहिरात तेवढी अजून दिसते – त्यात माझा ट्रक घुमतोय. झकास घुमतोय, मेला!
माझे गेले ते पचवेन. पण मिस्त्रीच्या मुलीची कॉलेजची फी, वेल्डरचं घरभाडं – हे माझ्या तोंडाकडे बघून पैसे घालणारे लोक. दोन वर्षांत कोणी चकार शब्द काढला नाही. विषय निघाला की मिस्त्री पाने पुसायला लागतो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं!

२१ मार्च
ठरलं. तिघांचे पैसे मी देणार.
ही : “मागितले का त्यांनी?”
“मागत नाहीत म्हणूनच!”
बँकेतून पंधरा हजार काढले.

२२ मार्च
मिस्त्रीला आधी बोलावलं. पाकीट पुढे केलं. घेईना. मी रागावलो – “अरे, ठेव! माझ्या शब्दावर भरलेस ना?”
जमिनीकडे बघत म्हणाला, “मालक, आम्ही भरलेच नव्हते.”
“आम्ही म्हणजे?”
“तिघंही. गेम कधी पुरा होणार, असं मी त्या चष्मेवाल्याला तेव्हाच विचारलं होतं. नुसता हसला तो. आणि तुम्ही इतके खुशीत होतात... कोण बोलणार?”
या गॅरेजातून पैसे भरणारा माणूस एकच होता.