खंडेनवमीची शेड

बाबा, हल्ली मी घरात असूनही कुणाला सापडत नाही, कारण मी माळ्यावर असते. बेव्हर्ली पार्कमधलं हे घर तुम्ही बघितलेलं नाही, म्हणून सांगते. माळा म्हणजे स्वयंपाकघराच्या नि पॅसेजच्या वरची सिमेंटची लादी, जिथे जेमतेम पालथं पडून सरकता येतं. तिथल्या सुटकेसा, सासूबाईंची पितळी पातेली आणि एक मोडका टेबलफॅन मी खाली काढला, लाकडी पट्ट्यांवर प्लायवूड टाकलं आणि त्यावर तुमची रेल्वेची डिझेल शेड बांधायला घेतली. खेळण्यासारखी नाही, मापात. इंजिन वीतभर, माणूस बोटाच्या पेराएवढा, आणि बाकी सगळं त्याच हिशेबात. छपराला पन्हळीचा पुठ्ठा, डिझेलच्या टाकीला औषधाची बाटली, खांबांना आइस्क्रीमच्या काड्या. एखादा खांब जरा जाड झाला तरी मी उपटून टाकते. आमचे हे शेजाऱ्यांना सांगतात, "लोक माळ्यावर पापड-कुरडया ठेवतात, आमच्याकडे इंजिनं ठेवलीयेत." म्हणू देत. ते स्वतः निवृत्त झाल्यापासून सोफ्यावर पडून क्रिकेट बघतात.

मला एवढंच बघायचं होतं की तुम्ही आयुष्यभर जिथे गेलात ती जागा होती कशी, आणि तिथे तुम्ही नक्की कुठे उभे राहायचात. घरी तुम्ही कधी काही बोलला नाहीत. "बाबा, आज काय केलंत?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "इंजिन दुरुस्त केलं." काल काय केलं होतंत? तेच. लहानपणी मला वाटायचं, ते एकच इंजिन असावं आणि रोज बिघडत असावं.

शेड मी बघितली ती फक्त खंडेनवमीला. त्या दिवशी तुमच्या हत्यारांची पूजा असायची आणि बायकामुलांना आत सोडायचे. मला अजून दिसतंय. तुम्ही पांढरा शर्ट घातलाय, कपाळाला कुंकू आहे. इंजिनाच्या नाकावर झेंडूची माळ, पाने-हातोड्या ओळीने मांडलेल्या, धुतलेल्या फरशीवर रांगोळी. तुम्ही मला उचलून इंजिनात चढवता, माझा हात धरून भोंगा वाजवता, आणि खाली आई कानांवर हात ठेवून हसते. मग मी पेढा खात एकटीच हिंडते आणि रुळांच्या मधोमध टाकलेल्या फळ्यांपाशी येते. दोन फळ्यांमध्ये फट आहे. मी ओणवी होऊन डोळा लावणार, तेवढ्यात तुमचा आवाज येतो, "तिथे जायचं नाही! ऊठ आधी!" एरवी तुम्ही माझ्यावर कधी ओरडायचा नाहीत. मला भोकाड पसरावंसं वाटलं, पण त्याहून जास्त त्या फळ्यांखाली काय आहे ते बघावंसं वाटत होतं. ते राहूनच गेलं.

तुमची आणखी एक गोष्ट मला कधी उलगडली नाही. तुम्ही उंच होतात खरे, पण क्वार्टरमधल्या स्वयंपाकघराचं दार तुमच्याहूनही चांगलं उंच होतं. तरी आत येताना तुम्ही मान खाली घालायचात. आई पोळी लाटता लाटता म्हणायची, "अहो, लागत नाही ते दार. कुणाला नमस्कार करताय?" तुम्ही हसून पाटावर बसायचात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच वाकून यायचात. मीही तुमच्या मागे मान खाली घालून तुमची नक्कल करत यायचे, आणि आई आम्हा दोघांना हसायची.

तर शेड बांधून झाली, रंगवून झाली, आणि तुमचा माणूस, म्हणजे प्लास्टिकचे तुम्ही, तेवढा हातात उरला. त्याला पांढरा शर्ट रंगवला. इंजिनाशेजारी ठेवला, दाराशी ठेवला, टाकीजवळ ठेवला. कुठेही ठेवला तरी तो लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखाच दिसायचा. शेवटी मी नया नगरला चाचांना फोन लावला. आठवतात ना, तुमच्या कामाच्या गँगमधले रत्नागिरीकडचे चाचा, ज्यांच्याबरोबर तुम्ही डबा खायचात? काठी टेकत आले. गुडघे गेलेत, तरी शिडीच्या दोन पायऱ्या चढलेच. ह्यांनी शिडी धरली, मी चाचांना धरलं.

"माशाल्ला! एकदम टकाटक बनवलंय गं बेटा," ते म्हणाले. मग बघता बघता हसायलाच लागले. "पण ही तर नवमीची शेड हाय."

"म्हणजे?"

"अगं, एवढी साफ फरशी आम्ही सालभरात एकदाच बघायचो. घरची माणसं येणार म्हणून आदल्या दिवशी सगळे घासत बसायचो. बाकी टाइम नुसतं तेल. चप्पल चिकटायची."

मी तुमचा माणूस त्यांच्या हातात दिला. "चाचा, बाबा कुठे उभे राहायचे?"

"वर? तो वर कुठं असायचा?" त्यांनी रुळांच्या मधल्या जागेवर बोट ठेवलं. "इथं. इंजिनाच्या खाली पिट असतो ना, खड्डा, त्याच्यात. पूरी ड्यूटी. आणि तुझा बाप उंच. पिट आमच्यासारख्या बुटक्यांच्या मापाचा. सरळ झाला की टाळकं इंजिनाला लागलंच समज. पहिल्या साली फुटलं पण. मग मान वाकवूनच चालायला लागला."

"नवमीला त्यावर फळ्या टाकलेल्या असायच्या," मी म्हटलं.

"त्याचीच आयडिया. बोलला, पोरगी येतेय, तिने हे नको बघायला."

बाबा, मला तिथेच रडू आलं. रागही आला. मी विचारत होते तर सांगायचं होतंत. स्वयंपाकघरात पाटावर बसून निवांत सांगता आलं असतं, मी काही घाबरले नसते. उलट मी तुम्हाला प्रश्न विचारून भंडावून सोडलं असतं. खालून इंजिन कसं दिसतं? डोक्यावर तेल ठिबकायचं का? मला इंजिन म्हटलं की त्याचं नाक आणि झेंडूची माळ आठवते, तुम्हाला त्याचं पोट आठवत असणार. आता हे कुणाला विचारू? चाचांना विचारलं तर म्हणतात, "काळं असतं, आणखी काय."

मग मी शेड मळवायला घेतली. काजळात खोबरेल तेल घालून फरशीला फासलं, चहाचा चोथा चोळला, रांगोळी खरवडून काढली. तुमचा शर्ट खाकी केला आणि त्यालाही काळे हात पुसले. प्लाय कापून पिट केला, चाचांनी स्वतःच्या छातीशी हात धरून दाखवला होता तेवढाच खोल. तुम्हाला आत उभं केलं, इंजिन हळूहळू वर आणलं, आणि ते अडलं. तुमच्या डोक्याला अडलं. मला हसू आलं. चाचा फोनवर म्हणाले, "प्लास्टिकचा हाय ना? मेणबत्तीवर जरा गरम कर, वाकेल मान." देवघरातली मेणबत्ती आणली, पेटवली, तुम्हाला चिमट्यात धरून तिच्याजवळ नेलं. माळ्यावरून उतरल्यावर हल्ली माझीही मान बराच वेळ सरळ होत नाही, तेवढ्यावरून तुमच्या मानेचं थोडं कळत होतं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीये, म्हणून तुम्हाला सांगायला हरकत नाही. मी मेणबत्ती विझवली आणि पिट आणखी खोल केला. प्लायखाली जागा होतीच. एवढा एक खड्डा सोडला तर सगळी शेड मापात आहे. इंजिन आता वरून सरळ निघून जातं आणि तुम्ही खाली ताठ उभे असता. चाचांना मी सांगितलंय, मान वाकवली म्हणून.