बाबांची गाडी, आयडल पंधराशे

१७ मे, शनिवार
बाबांची गाडी आजपासून माझ्या ताब्यात. बाबा वृद्धाश्रमात, वय अठ्ठ्याऐंशी. पुढचा उन्हाळा बघतील असं डॉक्टरला वाटत नाही. बाबांचं एकच मागणं: २१ जूनच्या गावच्या परेडमध्ये दरवर्षीसारखं स्वतःच्या गाडीतून जायचं. मी शब्द दिलाय. पाच आठवडे म्हणजे रगड.
बॉनेट उघडून साफसफाई केली. मिनेसोटातला मे, बोटं गारठली. कार्बोरेटरखालच्या एका रबरी नळीच्या तोंडात चक्क लाकडी खुंटी खुपसलेली! उपटून फेकून दिली. इंजिनाला श्वास घ्यायला नको?

१८ मे
गाडी सुरू केली. आयडल, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचे मिनिटाला फेरे, पंधराशे. पाहिजेत आठशे. उभ्या जागी धापा टाकते आणि पेडलवरून पाय काढला की सायलेन्सरमधून फाडकन बार.
शेजारच्या लव्हॉनबाई कुंपणावरून म्हणाल्या, कुणाची शिकार चाललीय? त्या शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करतात. बघू का, म्हणाल्या. नको म्हटलं. बस वेगळी, कार वेगळी. शिवाय मी तीस वर्षं हायस्कूलात फिजिक्स शिकवलंय.

२६ मे
प्लग बदलले. बार कायम. वायरी बदलल्या. बार कायम, पण आवाज जरा सभ्य वाटला. मार्लिसला तसं वाटत नाही. बायकोला कान आहेत, तंत्रज्ञान नाही.

१ जून, रविवार
चर्चहून आल्यावर बाबांना फोन केला. गाडीचं सांगितलं. एकदम ओरडले, अरे माझी टी कुठाय? आधी टी घाल!
बाबांनी जन्मात चहा घेतलेला नाही. अख्खं आयुष्य कॉफीवर काढलं. डोकं भरकटायला लागलं बहुतेक.

२ जून
चहाची पाकिटं घेऊन गेलो. नर्सने करून दिला. बाबा कपाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. म्हणाले, मला नको रे, गाडीला!
गाडीला चहा. मी नर्सकडे बघितलं, तिने मान हलवली. बाबांनी डोळे मिटून घेतले. म्हणाले, व्हर्लिन, तू पास कसा झालास रे? जाऊ दे, लव्हॉनला बोलाव.
नर्सला बाजूला घेऊन सांगितलं, लक्ष ठेवा.
लव्हॉनला बोलावणार नाही. बाबांच्या गाडीला मीच हात लावीन.

१२ जून
आयडलचा स्क्रू पिळून पिळून आठशेवर आणली. जिंकलो! चौकात थांबलो तर गाडी बंद. मागे धान्याचा ट्रक. ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला नाही, उतरून धक्का मारायला आला. तेच जास्त लागलं. स्क्रू परत होता तिथे.

२० जून
कार्बोरेटर खोलून धुतला. जोडल्यावर दोन वॉशर उरले. कंपनीने जास्तीचे दिले असावेत.
आश्रमातून फोन. बाबा सकाळपासून टोपी घालून बसलेत म्हणे. उद्या दहाला हजर, म्हटलं.

२१ जून, सकाळी ९.४०
आता फक्त इंजिनाचं टायमिंग राहिलं.
१०.५०. जवळ आलोय. थोडा उशीर चालतो, परेडसुद्धा कधी वेळेवर निघत नाही.
१२.३०. अजून जवळ. मार्लिस येऊन काहीतरी बोलली. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. हो हो म्हटलं.
१.१५. रस्त्यात परेडवाले पोरांसाठी उधळतात त्या चॉकलेटचे कागद पडलेत. परेड होऊन गेली. आमच्याच घरासमोरून.

२२ जून
काही वाटत नाही. जेवलो. काय ते आठवत नाही.
लव्हॉनबाई न विचारता गॅरेजात आल्या, त्या उघड्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला. इंजिन निवांत. आठशे.
म्हणाल्या, इथून नको ती हवा ओढतेय. तुमच्या बाबांची, ऑर्व्हिनची, टी होती ना इथे? टी म्हणजे गोल्फचा चेंडू ठेवायची लाकडी खुंटी. गावातल्या निम्म्या गाड्यांच्या नळ्या अशा टीनेच बुजवल्यात म्हणे. खिशातून एक काढली, खुपसली, गेल्या.
मी म्हटलं, माझाही संशय तिथेच होता. तोवर त्या फाटकापाशी पोचल्या होत्या.

२३ जून
बाबांना आणायला गेलो. झोपूनच होते. म्हटलं, दोष सापडला. म्हणाले, बरं झालं.
चला, तळ्यापर्यंत चक्कर मारू, म्हटलं. म्हणाले, आज नको रे, दमलोय. शनिवारी तुझ्या बायकोने लव्हॉनला पाठवलं. तिच्या ट्रकात बसून परेड केली. तुझ्या गॅरेजसमोर थांबवायला लावला ट्रक. तू बॉनेटमध्ये वाकलेला. दोनदा हाक मारली.
मी म्हटलं, इंजिन चालू होतं.
म्हणाले, हो. ते अख्ख्या परेडने ऐकलं.
पुढच्या वर्षी नक्की आपल्या गाडीतून, म्हटलं. त्यांनी पांघरूण वर ओढून घेतलं.