डोळ्यांनी पाहिलेला शेवटचा माणूस

प्रिय मिल्काताई,

दाजी गेल्याची बातमी मला तीन महिन्यांनी कळली, तीही लोकर विकणाऱ्या माणसाकडून. तू कळवलं नाहीस म्हणून रुसायचा मला अधिकार नाही. पंधरा वर्षांत मी तरी किती पत्रं लिहिली? यरुशलेम पडलं तेव्हा एक, माझी हेलेना गेली तेव्हा एक. तू तळ्याकाठी अजून मासे खारवतेस म्हणे. सदुसष्टाव्या वर्षी कंबर मोडून घ्यायची हौस तुलाच. मी इथे अंत्युखियात चपला शिवतो, गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक.

येशूला मानणाऱ्या आमच्या इथल्या मंडळीची रीत तुला ठाऊक नसेल. आठवड्याच्या पहिल्या दिवशी आम्ही एकत्र जेवतो, आणि भाकरी मोडण्याआधी, ज्यांनी येशूला डोळ्यांनी पाहिलं ते एकेक आठवण सांगतात. मी आलो तेव्हा असे नऊ जण होते. एकेक करत गेले, आता पुढच्या चटईवर मी एकटाच बसतो आणि भाकरीचा पहिला तुकडा मला मिळतो. माझी आठवण इथे लहानथोरांना पाठ आहे: तो आपल्या अंगणात आला, आबांच्या माणसांबरोबर मासे-भाकरी जेवला, मग आत येऊन तापाने फणफणलेल्या पाच वर्षांच्या माझ्या कपाळावर त्याने हात ठेवला आणि ताप उतरला.

खोटं सांगायचं म्हणून मी कधी सांगितलं नाही, ताई. सुरुवातीला मी एवढंच म्हणायचो, की तो आमच्या अंगणात जेवला. कुणीतरी विचारलं, तू कुठे होतास? म्हटलं, आत, तापात पडलेलो. मग तुला बघायला आला असेल की? मला वाटलं, आला असणार. आजारी माणसाला ओलांडून जाणारा तो नव्हताच. पुढच्या खेपेला त्यातलं ‘असणार’ गळून पडलं. आणखी दोन-चार वर्षांनी तो दारातून वाकून आत येताना मला दिसायलाही लागला. तो कसा होता याची आम्हा सगळ्यांना जी खात्री होती, तिच्यातूनच माझी आठवण भरत गेली.

आता अगाथोन नावाचा आमचा लेखनिक या आठवणी लिहून काढतो आहे, कारण मी गेल्यावर विचारायला कोणी उरणार नाही. माझी पाळी यायच्या आदल्या दिवशी त्रुफैना दुकानात आली. तिचं चार वर्षांचं पोर हिवाळ्यात तापाने गेलं. आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केल्या होत्या, उपास केले होते. तुटलेली चप्पल हे निमित्त. ती माझ्यापुढे ठेवून, खालीच बघत ती म्हणाली, "नहूमकाका, तुमच्यासाठी तो आत आला. माझ्या लेकरात काय कमी होतं?"

चप्पल शिवून मी तिच्या हातात दिली. ती गेल्यावर दुकान बंद केलं आणि हट्टाने आठवत बसलो. खरोखर माझं असं काय आठवतं मला? अंगणातलं हसणं, माशांचा वास आणि कपाळावरचा हात. तो हात मिठाने चिरलेला होता, ताई. सुताराचा हात तसा नसतो, मासे खारवणाऱ्या पोरीचा असतो. आणि पाहुणे गेल्यावरही आई कितीतरी दिवस ओल्या पट्ट्या ठेवत होती, हेही आठवलं. ताप त्या दिवशी उतरलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी चटईवरून उठलो आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की मी त्याला पाहिलेलं नाही. अगाथोनची लेखणी थांबली. मंडळीचे वडील यूस्तोस माझा दंड धरून मला खाली बसवू लागले; लोकांना तेवढाच आधार आहे, म्हातारपणी आता कशाला उकरतोस, म्हणाले. मी बसलो नाही. ज्या आधाराची एका आईच्या गळ्यात धोंड झाली तो मला नको, असं मी त्यांना तिथेच ऐकवलं. त्या दिवशी जेवणात कुणाचं लक्ष नव्हतं. निघताना त्रुफैना माझ्याजवळ आली. "म्हणजे माझ्या पोराला त्याने वगळलं नव्हतं," एवढंच म्हणाली, आणि हिवाळ्यानंतर पहिल्यांदा रडली.

पहिला तुकडा आता मी घेत नाही. यूस्तोस माझ्याशी बोलत नाहीत, न बोलोत. हे पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. त्या दिवशी अंगणात पाहुण्यांना पाणी देत होतीस ती तू, बारा वर्षांची. त्याला डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आपल्या घरात एकच आहे आणि तिला आजवर कोणी विचारलं नाही. दाजींना ते नाव घरात चालत नव्हतं आणि मला माझीच गोष्ट पुरत होती. वल्हांडणाचा सण झाला की अगाथोन तुझ्याकडे येईल. पाहिलंस तेवढंच त्याला सांग. आठवत नसेल तिथे आठवत नाही म्हण. धाकटा आत तापात पडलाय, हे तू येशूला सांगितलं होतंस का, आणि ते ऐकून तो उठला का, हे मला कळायला हवं. उठला नसेल, हात धुऊन पुढच्या गावाला निघून गेला असेल, तर तसंच लिहून घ्यायला लाव. मी ते सगळ्यांसमोर वाचेन आणि तरीही त्याचाच राहीन. माझ्यासाठी म्हणून एक शब्दही गोड करू नकोस.

तुझाच धाकटा,
नहूम