साडूंसाठी शिकलेलं इंग्रजी

३ मार्च
इतिहासात नोंद असावी म्हणून लिहितो : मेव्हण्याच्या पोरीच्या, प्रतीक्षाच्या, साखरपुड्यात आज मला गळका कागदी कप देण्यात आला. पुण्याच्या साडूंना (यापुढे पु.सा.) मात्र कपबशी. पांढऱ्या शर्टावर बेंबीपर्यंत चहा. पुसत होतो, तेवढ्यात पु.सा. व्याह्यांना माझ्याकडे बोट करून इंग्रजीत काहीतरी म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. वर ‘थँक्यू’ म्हणालो.

निघताना प्रतीक्षाला अर्थ विचारला. (आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात.)
"जाऊ द्या ना मामा."
"सांग."
"पुट आउट टू पास्चर. म्हातारा बैल कामातून काढून चरायला सोडतेत ना, तसं म्हणले तुमाला."

बैल. आणि बैल थँक्यू म्हणाला.

५ मार्च
मेव्हण्याचा फोन. लग्नात माइक माझ्याकडे नाही. पु.सा. नांदेडहून इंग्रजी बोलणारा निवेदक आणून राहिले. "भाऊजी, तुमी आराम करा."
अर्ध्या तालुक्याच्या लग्नांत कुणाला आधी बोलवायचं, कुणाच्या अंगावर शाल, हे मी ठरवलं. आता आराम. कुरणात.

९ मार्च
आखाडा बाळापूरला गेलो. अनिसा बाजी (उर्दूत ताई) शाळेतून निवृत्त, आता ओसरीवर इंग्रजी शिकवतात. प्रतीक्षा त्यांच्याच हाताखाली शिकलेली.
"या वयात इंग्रजी काहून, भाऊ?"
"एका माणसाला उत्तर द्यायचंय."
"बदला! बराबर. बदल्यासाठी आलेलं लेकरू अभ्यास लई करतं."
फी घेईनात. "एवढ्या पोरांना शिकवलं, त्यांच्या लग्नांत जेवले. तुमच्या माइकवर माझं नाव कधी आलं न्हाई. पुढाऱ्यांचंच येतं."
हसत म्हणाल्या. पण म्हणाल्या. उधारी झाली.

२२ मार्च
लुक डाउन ऑन : तुच्छ लेखणे. शो ऑफ : मिरवणे. कट डाउन टू साइज : जागा दाखवणे. सगळ्या वाक्यांत पु.सा.च घातले. बाजी म्हणाल्या, "अधूनमधून दुसरा माणूस बी घ्या."
घरी मोठ्यानं घोकत होतो. पुट अप विथ : मुकाट सोसणे. याचं उदाहरण सौ.नं स्वयंपाकघरातून मराठीत दिलं. बरंच लांब होतं.

११ एप्रिल
एक वाक्य पूर्ण तयार. विळ्यासारखी धार. लग्नात, भर मांडवात, पु.सां.च्या तोंडावर. सौ. म्हणते, "माझ्या बहिणीचा नवरा हाय तो." म्हटलं, ते त्याला कधी आठवलं?

२६ एप्रिल
निवेदकाचं इंग्रजी झकास. फक्त त्यानं आजी सरपंचांच्या आधी माजी सरपंचांना शालीला बोलावलं. आजी उठले. मागून भावकी उठली. लोकांच्या हातात अक्षता, नवरी घामाघूम. मेव्हणा धावत आला, "भाऊजी, सांभाळा बाप्पा!"

माइक घेतला. आजी सरपंचांना ‘गावचे धनी’ म्हणून हाक दिली; बसले. मग बाकीची नावं, ज्याच्या त्याच्या मानानं. शेवटी एकच शाल उरली, पु.सां.ची. कोटाचं बटण लावून, मोबाइल बायकोच्या हाती देऊन ते पायरीपर्यंत आले होते.
वाक्य ओठावर आलं. गिळलं. इंग्रजीची गरजच काय?
"आणि वधूच्या गुरू, अनिसा बाजी!"
टाळ्या. लगेच अक्षता. पु.सा. पायरीवरच.

२७ एप्रिल
झोप उत्तम. पु.सां.चा मेसेज, लांबलचक, इंग्रजीत. सगळा कळला. शिकवणीचं चीज झालं. सौ. बोलत नाही.

३० एप्रिल
शाबासकी घ्यायला बाजींकडे गेलो. त्यांनी शाल घडी करून समोर ठेवली.
"कुणाची होती ते कळालं मला. खरं सांगा भाऊ. माझं नाव घेतलं, का त्यांचं गाळलं?"
मराठी येते, हिंदी येते, आता इंग्रजीही. तिन्ही भाषा तशाच घेऊन उठलो.
शाल घेऊन परत आलो.

९ मे
पु.सां.ची शाल कपाटात. सौ. आता बोलते, पण एवढंच : "कधी पाठवता?" बघू. मेसेजलाही उत्तर दिलेलं नाही. धारेचं वाक्य अजून शिल्लक आहे.

आज वारंगा फाट्यावर लग्न. नवरदेव बाजींचा विद्यार्थी. पु.सा. पुण्यात, मांडवात माझं वैर कुणाशी नाही. पहिलं नाव बाजींचं घेतलं, पुढाऱ्यांच्याही आधी. पुढारी माझ्याकडे बघतच राहिले. शाल मी घरून नेली होती, नवी.
बाजी मागच्या रांगेतून आल्या. मे महिन्याचं ऊन. शाल तशीच खांद्यावर ठेवून पंगतीला बसल्या.