उंबऱ्यावरचा पाट

राजूर, ता. अकोले
११ जानेवारी २०२५

पुंजाराम यास हनुमंताचा रामराम.

तिकडे सगळे खुशाल असाल असं धरून चालतो. वहिनींचा गुडघा कसा आहे? इथं थंडी अशी की सकाळी गणवेशाची बटणं लावायला बोटं वळत नाहीत. काष्टीचा माणूस या डोंगरात फौजदार होऊन आला याचं लोकांना नवल आणि मला पस्तावा. बायको म्हणते, माझं पोट कमी झालंय. तुला खोटं वाटेल.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोन तू मधेच ठेवून देतोस. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी थोडं वाचावं लागतं.

गेले काही आठवडे एका मरणाच्या मागे होतो. धरणाच्या अंगाला उत्तमराव नावाच्या बड्या बागायतदाराचं फार्महाउस आहे. मूळचे कोल्हारचे, बायको गेल्यावर इथं एकटेच राहत. एका सकाळी पलंगावर मेलेले सापडले, अंथरुणात उलट्या. पुतण्या धावत आला आणि त्यानं थेट स्वयंपाकिणीकडे बोट दाखवलं. रात्रीचं जेवण तिनं वाढलेलं, आदल्या दिवशी दोघांचा वाद झालेला साऱ्या वाडीनं ऐकलेला, आणि धान्यात टाकायच्या विषारी गोळ्याही तिनंच बाजारातून आणलेल्या. मी पोचायच्या आत लोकांनी बोलण्यातच तिला फासावर चढवून टाकलं होतं.

मी आधी घर पाहिलं. उत्तमरावांच्या निजायच्या खोलीला लागून तांदळाची खोली, छतापर्यंत पोती रचलेली. तिच्या उंबऱ्यावर, बंद दाराला टेकवून, जेवायला बसायचा पाट उभा ठेवला होता. शिपाई तो पायानं सारायला गेला, तर मी त्याच्यावर खेकसलो. का, ते त्याला कळलं नाही.

पुंजा, उंबऱ्यावर उभा पाट मी जन्मात एकाच घरी पाहिलाय. गव्हाच्या कोठीत गोळ्या टाकल्या की तू तो ठेवायचास, लेकरांनी आत पाऊल टाकू नये म्हणून, आणि सगळ्यांची अंथरुणं अंगणात घालायचास. मी तुला भित्री भागूबाई म्हणायचो.

उगाच लांबण लावतोय. स्वयंपाकघरातून जी बाहेर आली ती आपली निकिता होती.

'आपली' म्हणालो, रागावू नकोस. योगेश बौद्ध घरातला, म्हणून लग्नानंतर तू पोटच्या लेकीच्या नावानं अंघोळ करून मोकळा झालास. मी नव्हतो झालो.

"काका, अण्णांना कळवू नका," हे तिचं पहिलं वाक्य. मला सोडवा असं म्हणालीच नाही.

पोरगी माझ्या दोस्ताची आहे, तपास दुसऱ्याला द्या, असं मी त्याच दिवशी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, करा तुम्हीच, पण प्रत्येक कागद माझ्या डोळ्यांखालून जाईल. ते बरंच झालं, कारण माझा स्वतःवर भरवसा नव्हता.

निकिता सांगत होती, "मी लई सांगितलं त्यांना. मधली भिंत पत्र्याला भिडलेली न्हाई, वरून गोळ्यांचा विखार येतो, चार-पाच दिस ओसरीवर झोपा. त्याच्यावरनंच वाद झाला. शेवटी व्हय म्हनले, तवा ओसरीवर अंथरूण घालून मी घरी गेले."

तिचं बोलणं घर स्वतःच सांगत होतं. मच्छरदाणी ओसरीच्या खुंट्यांना बांधलेली तशीच होती, गादी मात्र आत. म्हातारबाबांना थंडी वाजली असणार, ती ओढत आत नेली आणि खिडक्या लावून निजले. पलंगाखाली पाली मरून पडलेल्या. पालींना काही निकितानं जेवायला वाढलं नव्हतं. तरी सरकारला कागद लागतो, आणि तो येईपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही. काल अहवाल आला. पोटात गोळीचा कणही नाही, विषारी वायू श्वासावाटे गेला.

कागद वाचून मी खुर्चीतच बसून राहिलो. छातीवरचा धोंडा उतरला आणि या वयात डोळ्यांत पाणी आलं. निकिताची चौकशी चालू होती तोवर योगेश आपली भाड्याची जीप बंद ठेवून रोज ठाण्याच्या पायरीवर बसायचा. काल दोघं त्याच पायरीवर बसून रडली, मग हसली, मग त्यांना भूक लागली. उत्तमरावांचं वाईट वाटतं. माणूस चांगला, पण हट्टी. तुझ्यासारखाच.

आता ऐक. ती सुटली ती माझ्या हुशारीनं नाही. तो पाट तिला तू शिकवलास. तू तिला मेलेली धरलीस, तरी परक्याच्या घरात ती तुझंच ऐकत होती. भेटली की अजून विचारते, "रातच्या जेवणानंतर अण्णांना खोकल्याची उबळ यायची, ती कमी हाय का?" मी काय सांगू?

तुला कळवू नको म्हणाली होती, पण काल, अण्णांकडे येतेस का, असं मी विचारल्यावर तिनं होकाराची मान हलवली. येत्या बाजारच्या दिवशी तिला आणि योगेशला घेऊन काष्टीला येतोय. परवानगी मागत नाही, कळवतोय.

आम्ही आत येऊ नये असं वाटलं, तर तोंडानं काही बोलू नकोस. उंबऱ्यावर पाट उभा कर. तिला खूण कळते, मलाही. अंगणातूनच माघारी फिरू. नाहीतर तोच पाट आडवा मांड आणि लेकीला जेवायला बसव.

तुझा आणि तिचाही,
हनुमंत