दहा हजार पावलं

प्रिय सुरभी,

पत्र पाहून घाबरू नकोस. मी ठणठणीत आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी तुझ्यासमोर कागद हातात धरून सांगितलं तसाच आहे, गुडघा सोडला तर. तरी नागपूरहून आल्यापासून माझ्या डोक्यात नुसता गोंधळ चाललाय. कुणाचं खरं मानावं, यंत्राचं की माणसाचं, आणि यंत्राचं मानायचं तर कोणत्या यंत्राचं, हेच मला कळेनासं झालंय. ते तुला सांगितल्याशिवाय सुटका नाही. पण कुठून सुरू करू?

गणपतीत तू आलीस आणि दोन दिवसांत घर बोलकं करून गेलीस. पडवीत कॅमेरा, माजघरात ती बोलणारी डबी, शेतातल्या मोटरीला मोबाइलवरून चालू होणारा स्टार्टर. मला चांगलंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. चौकात विक्कीच्या दुकानात बसून मी मोटर चालू करायचो तेव्हा पोरं वाकून बघायची. पण एकदा मोबाइल सांगत होता मोटर चालू आहे, आणि शेतात जाऊन पाहतो तर पाइप निसटून सगळं पाणी शेजाऱ्याच्या तुरीत. मोटर खरंच चालू होती म्हणा, मोबाइलचं काही चुकलं नव्हतं. तेव्हापासून या यंत्रांचं मला असं वाटतं की ती खोटं बोलत नाहीत, पण विचारलं तेवढंच सांगतात.

मग माझ्या मनगटावर तू तो काळा पट्टा बांधलास. म्हणालीस, बाबा, साखर वाढलीय, रोज आठ हजार पावलं चालायची, आणि मी पुण्यात बसून बघणार. पहिले पंधरा दिवस मी इमानदारीने चाललो. नदीपर्यंत जायचं, पाटलाच्या विहिरीला वळसा घालून परत यायचं. इतकं करूनही आकडा तीन हजाराच्या पुढे सरकेना आणि रात्री तुझा मेसेज यायचा, बाबा, आज पण कमी. वर तो रडका पिवळा चेहरा. साठी ओलांडलेल्या माणसाला नापास झाल्यासारखं वाटायचं. गुडघा दुखतो म्हटलं असतं तर तू लगेच डॉक्टर काढला असतास, म्हणून तेही बोललो नाही.

दसऱ्यानंतर आपली कापसाची वेचणी लागली. तुझ्या आईने दरवर्षीसारखं पहिल्या दिवशी शेतात सीतादही केलं. पऱ्हाटीच्या झाडाला दहीभात वाहिला, हळदकुंकू लावलं आणि वेचलेला कापूस ठेवायची ओटी कमरेला बांधून बायांबरोबर तासात, पऱ्हाटीच्या ओळीत, शिरली. मी धुऱ्याच्या बांधावर बसून पट्ट्यावरचा आकडा बघत होतो. तिने विचारलं काय झालं, मी रडगाणं सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "मी त दिवसभर तासातच फिरून राह्यली. द्या इकडं तो पट्टा." मी दिला, सुरभी. पोराटकीपणा केला. त्या रात्री तुझा मेसेज आला, बाबा, दहा हजार, शाब्बास, आणि खाली सोन्याचं पदक. दुसऱ्या दिवशी मी ते पदक विक्कीला दाखवलं. लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही.

मग तो रोजचाच नेम झाला. सकाळी पट्टा तिच्या हातात जायचा, संध्याकाळी घरी आला की मोबाइलला दिवसभराचं सगळं सांगून टाकायचा. आमची दोघांची ती गंमत होती. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, इतक्या वर्षांत आम्ही मिळून केलेली ही पहिली लबाडी असेल. ती भाकरी थापताना विचारायची, आज किती चाललात तुम्ही? आणि आम्ही दोघं हसायचो.

दिवाळीनंतर तुझा फोन आला. पट्टा सांगतोय ठोके अनियमित आहेत, रोज अकरा ते बाराच्या सुमाराला, बाबा तेव्हा काय करत असता? मी म्हणालो, खुर्चीवर बसलेला असतो. ते अगदी खरं होतं. पण तू पुण्याहून धावत नागपूरला आलीस, मला एसटीने बोलावून घेतलंस, छातीला वायरी लावल्या, मशीनवर पळवलं, आणि सगळं साफ निघालं. पट्टाच खराब आहे, बदलून घेऊ, असं म्हणून तू दवाखान्याच्या पायरीवर रडलीस. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मी स्वतःला समजावलं की पट्टाच खराब असेल, स्टार्टरसारखा काही घोळ असेल.

परवा दुपारी मी चपला हातात घेऊन पडवीतून आत येत होतो. तुझी आई माजघरात एकटीच डबीसमोर उभी होती. म्हणत होती, "छातीत धडधड होऊन राह्यली, काहून होत असन?" डबी म्हणाली, माफ करा, मला समजलं नाही. मग तिने पदर सावरला आणि शाळेत धडा वाचतात तसं एकेक शब्द तोडून विचारलं, माझ्या छातीत धडधड होते, कशामुळे होते? डबी म्हणाली, याची अनेक कारणं असू शकतात, कृपया डॉक्टरांना भेटा. ती बरं म्हणाली आणि तूर निवडायला बसली. मला कधी एका शब्दाने बोलली नाही ग. धुऱ्यावर मधेच बसायची तेव्हा मी विचारलं होतं, तर म्हणाली गॅस झाला.

मी तिला विचारलं तेव्हा चिडली. उमरखेडच्या डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणे वेचणी होऊ द्या. तुला कळवतो म्हटलं तर हात धरला आणि म्हणाली, "फोनवर सुरभीले काही सांगसान त माही शपथ हाये. लेकीसमोर तुमची मान खाली जाईन, ते मले पाहावणार नाही." म्हणजे माझ्या पदकापायी ती आपली धडधड लपवून बसली होती.

शपथ फोनची आहे, म्हणून हे लिहितोय. आज ढाणकीला जाऊन स्पीड पोस्टाने टाकतो. नागपूरचं मशीनही खरं होतं आणि तुझा पट्टाही खरा होता. ते ठोके तुझ्या आईचे आहेत. आज सकाळी ती वेचायला जाऊ नये म्हणून तिची ओटी मी लपवून ठेवली आणि तुला ठोके दिसावेत म्हणून पट्टा मुद्दाम तिच्या हाताला बांधला, तर ती म्हणाली आज बसून कशी पावलं भरतील तुमची? माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल. मला काय बोलायचं ते नंतर बोल, मी ऐकून घेईन. पण पत्र मिळताच निघ, आणि निघण्याआधी तुझ्या मोबाइलमध्ये त्या पट्ट्यापुढे माझं नाव आहे ते खोडून आईचं लिही, कोकिळा.

तुझाच,
बाबा