सकाळी एक्केचाळीस, दुपारी पंचेचाळीस

३ जाने., सिंदेवाही
भंगारातून आणलेला रेकॉर्ड प्लेअर फिरतो, पण कुरकुरत. सुई बोथट, झाकणाला तडा. बाकी धड.
अहेरीहून थोरल्या बहिणीचा, कुसुमबाईचा फोन. मी तिला नुसतं बाईच म्हणते. घशाच्या ऑपरेशननंतर नुसती कुजबुजते. "माही रेकॉर्ड मले एकदा आयकाची आहे. संक्रांतीले येतो."
तिने गायलेल्या गाण्याची एकच प्रत. घर सोडून नाटक मंडळीत गेली तेव्हा आईला पाठवलेली. आईने वाजवली नाही, फेकलीही नाही. लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवली. आईमागे माझ्याकडे.
बोथट सुईने एकदा खरवडली की संपलं. आधी यंत्र, मग रेकॉर्ड. नियम.

५ जाने.
नागपूरहून नवी सुई आली. बसवली. सुईचा हात फार जड वाटतो. फूटपट्टीचा तराजू केला, एका टोकाला सुई टेकवली, दुसऱ्यावर रुपयाची दोन नाणी. तरी सुईचीच बाजू खाली!
शेजारी मारोतीभाऊ अंगणात जाळं दुरुस्त करत होते. त्यांच्याकडे जाळ्याची शिशाची गोळी मागितली.
"मॅडम, आता मासोळ्या धरता काय?"
गोळी सुईच्या हाताच्या मागच्या टोकाला बांधली. आता एका नाण्याला तोलतो. उत्तम.

६ जाने.
कुरकुर थाळीखालच्या आसाची. मशीनचं तेल संपलेलं, दुकान बंद. मारोतीभाऊंनी मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल दिलं, बाटलीभर. "टाका न बिनधास्त. आमच्या बैलबंडीचा आख यानंच चालते."
बाटली उन्हात ठेवलेली होती. चार थेंब. कुरकुर बंद.
दु. २. थाळीला कागदाचा तुकडा चिकटवून, घड्याळ धरून फेरे मोजले. मिनिटाला ४५. हवे तेवढेच.

९ जाने., स. ७
कडक थंडी. यंत्र तयार, मग वाट कशाची? लावली.
पहिल्याच ओळीला आई.
तोच जड आवाज, ओळीच्या शेवटी किंचित बसणारा. आई तर कधी गायली नाही. जात्यावरसुद्धा नाही. मग हे कोण?
दु. २. रेकॉर्ड न लावता मोजलं. ४५. बरोबर आहे की. मग सकाळी काय झालं?

१० जाने.
स. ७ – ४१
स. १० – ४३
दु. २ – ४५
पट्टा सैल? नाही, तपासला. विजेचा दाब? तोही तेवढाच. काल सकाळी थाळी हळू फिरली, म्हणून बाईचा आवाज खाली उतरला. एवढं कळलं. पण हळू का?

११ जाने., स. ७
चहा करताना फडताळात ती बाटली दिसली. तेल तुपासारखं गोठलेलं.
तीस वर्षं विज्ञान शिकवलं. गोठणबिंदू तर दरवर्षी.
मारोतीभाऊ हसले. "थंडीत बंडी बी जड चालते न. बैलाले समजते, मॅडमले नाई समजलं?"
आस रॉकेलने धुतला, दुकानातून मशीनचं तेल आणून घातलं.

१२ जाने., स. ७
४५. आता ती येईपर्यंत हात लावायचा नाही.

१४ जाने.
बाई दुपारी आली. तिळगूळ बाजूला ठेवून आधी यंत्रासमोर बसली. लावली. आवाज कोवळा, उंच, अगदी तिचा. डोळे मिटून ऐकलं. "वीस वर्षांची होतो मी," एवढंच.
मग मी ९ तारखेचं, आईच्या आवाजाचं सांगितलं. सांगायला हवं होतं का, अजून ठरत नाही.
"मरेपर्यंत आई माह्याशी बोलली नाई." मग, "ते तेल फेकलं काय तू?"
"नाई."
"मंग उद्या सकाळी लाव न तसंच."
म्हटलं, बाई, दर वेळी रेकॉर्ड घासते. परत हा आस धुवायचा, ते तेल... "काऊन? रेकॉर्ड माहीच आहे न?"
पाहू, म्हटलं.
तेल घालायचं तर आज संध्याकाळीच घालावं लागेल, म्हणजे सकाळपर्यंत गोठेल. मी अजून हो म्हटलेलं नाही. तिने मात्र न विचारता बाटली कोमट पाण्यात ठेवली आहे. तेल कडेने विरघळतं आहे.